डांगर आणि दर्भाचा कावळा

नाशिक, सर्वपित्री अमावस्या

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

हॅलोविनसारखं आपल्याकडे काही नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस. आहे की! फक्त आपण मुखवटे घालत नाही.

तू डब्लिनला राहतेस म्हणजे त्या सणाच्या माहेरीच. सुगी आटोपून हिवाळा लागताना तिथले केल्ट लोक साऊन पाळत; त्या रात्री मेलेल्यांची वाट मोकळी होते, अशी समजूत. पुढे चर्चने १ नोव्हेंबर संतांना आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांना दिला, तरी ३१ ऑक्टोबरची रात्र भुतांचीच राहिली. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला.

भोपळा, म्हणजे आपलं डांगर, आज आपल्याही पानात होतं. खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी आणि डांगराची भाजी. तिकडे त्याला डोळे कोरतात, इकडे फोडणी देतात. शेजारच्या खानदेशी काकूंनी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून आगारी टाकली. धूर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

रामकुंडावर आज पाय ठेवायला जागा नव्हती. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं, ही श्रद्धा. म्हणून लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात. दहाव्याचा पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की भलीभली माणसं कासावीस होतात. ‘धाकटीचं लग्न आम्ही करू,’ असं कुणीतरी हात जोडून कबूल करतं. तरीही नाहीच आला, तर दर्भाचा कावळा. मला वाटतं, मेलेलं माणूस येईल याची धास्ती आपल्याला फारशी नसतेच. ते रुसून उपाशी परत जाईल, याची असते.

राक्षस हवे असतील तर दिवाळीपर्यंत थांब. नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडायचं. गोव्यात तर नरकासुराचे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात.

आणि दारी येणारी पोरं? पूर्वी इंग्लंड-आयर्लंडात मृतात्म्यांच्या दिवसात दारोदार फिरणाऱ्या गरिबांना छोटे केक देत. ते त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. तेव्हा चॉकलेटं देताना हात आखडू नकोस.

तुमच्याकडे कावळे रग्गड आहेत म्हणे. आजोबांचा घास आज खिडकीत ठेवायचा राहिला असेल, तर अक्षय्य तृतीयेला ठेव. तेव्हाही चालतं.

तुझी,
आत्या