आप्पांच्या पाइपाची चोच

पाइप ओढणारा मनुष्य आज धारवाडात शोधू गेल्यास औषधालाही सापडायचा नाही. आमच्या लहानपणी मात्र कोर्टाच्या आवारात असे तीन-चार वकील तरी होते, आणि त्यांतले एक आमचे आप्पा. तपकीर, चंची, विडी, चिलीम यांना आमच्या समाजात आपापली ठरलेली घरे होती. पाइपाला तसे घर नव्हते. तो मुंबई इलाख्याच्या दिवसांत साहेबाबरोबर आला आणि १९५६ साली धारवाड म्हैसूर राज्यात गेल्यावरही काही वकिला-प्राध्यापकांच्या तोंडात राहून गेला. आमचा जन्मही त्याच वर्षीचा. तेव्हा आम्ही मुंबईचे की म्हैसूरचे, हा वाद घरात पुष्कळ दिवस चालला.

आप्पांचा पाइप ब्रायरचा होता. भूमध्य समुद्राकाठी होणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी टणक गाठ वाढते, तिचे हे लाकूड. विस्तवाला ते सहसा दाद देत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सेंट क्लोद गावाने त्यावर आपला संसार उभा केला. पण आम्हांला सांगायचे आहे ते या लाकडाविषयी नव्हे, तर त्याला जोडलेल्या, दातांत धरायच्या काळ्या नळीविषयी. घरात तिला 'चोच' म्हणत. शब्द आईचा, आणि त्यात कौतुक मुळीच नव्हते.

ही सगळी साहेबी थेरे, असे आईचे मत. ते पुरते खरे नव्हते. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतला तो तंबाखू घेऊन. ही गोष्ट १६०४-०५ च्या सुमाराची. त्याच्या वृत्तांतात तंबाखूइतकेच नळीचेही कौतुक आहे. नळी अचीनची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम. एवढे असूनही त्याचे समाधान होईना. यमनी अकीकाची एक अंडाकृती सुबक मुखनळी हाती लागली, ती टोकाला बसवली तेव्हा कुठे सारे मनाजोगते झाले. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि हकिमांनी त्यांना थांबवले. म्हणजे ओठांशी काय लागावे याची चोखंदळ निवड आणि वैद्याचा निषेध, या दोन्ही गोष्टी तंबाखूबरोबर आमच्या शेजारच्या विजापुराहूनच आग्र्याला पोहोचल्या म्हणायच्या.

१९६७ सालच्या उन्हाळ्यात आम्ही ती चोच मोडली. आप्पा पक्षकाराला पोचवायला फाटकापर्यंत गेले होते, पाइप टेबलावर होता. नळीच्या आत काय असते हे पाहायचे होते. चोचीच्या टोकाला एक बारीक दांडा असतो. सुतार लाकडाला लाकूड जोडताना कुसू करतात, तसा. तो पाइपाच्या देठातल्या भोकात घट्ट बसतो, आणि पाइप गरम असताना तर अधिकच आवळतो. आम्ही पिळून ओढली, 'टक्' झाले. अर्धा कुसू आत, अर्धी लाज बाहेर. आप्पा परत आले, दोन तुकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "गरम असताना काढायची नसते." एखादी चापट मारली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते!

अडकलेला तुकडा त्यांनी स्क्रू फिरवून बाहेर काढला, टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा पत्रा कापून त्याची सुरळी केली, वर दोरा गुंडाळला आणि चोच पुन्हा बसवली. तीच जोडणी पुढे सतरा वर्षे चालली. मात्र फटीतून वारा शिरे आणि प्रत्येक झुरक्याला एक बारीक शीळ वाजे. आप्पा माडीवर वाचत बसले की खाली आम्हांला ती शीळ ऐकू येई. दुसऱ्या कोणाला तिचे काही वाटत नसे.

आप्पा १९८४ साली घशाच्या कर्करोगाने गेले. तंबाखूचा त्यात किती हात, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते. शेवटचे सात-आठ महिने तंबाखू बंद होता. रिकामा पाइप मात्र दातांत असे, आणि बोलणे जवळजवळ थांबल्यावर होकार-नकार त्या चोचीच्या हालचालीनेच होत. आम्ही तेव्हाच तंबाखू जन्मात तोंडाला न लावण्याचे ठरवले आणि पाइप ट्रंकेत टाकला. रागानेच टाकला, असे आज कबूल करण्यास हरकत नाही.

तो बाहेर निघाला ट्रंकेच्या साफसफाईत, चाळीसएक वर्षांनी. चोच काळी राहिली नव्हती. शेवाळी-तपकिरी झाली होती आणि गंधकाचा वास येत होता. ही चोच एबोनाइटची. रबरात एक-तृतीयांशाच्या आसपास गंधक घालून ते कित्येक तास शिजवले की शिंगासारखा कठीण पदार्थ होतो. अमेरिकेत नेल्सन गुडइयरने १८५१ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे पेने, सनईच्या विलायती बहिणी ज्या क्लॅरिनेट त्यांची मुखे, विजेची उपकरणे आणि कवळ्यासुद्धा त्याच्या झाल्या. प्रकाश आणि ओलावा यांनी वरचा थर बिघडतो आणि आतले गंधक बोलू लागते. पण आमचे लक्ष गेले ते टोकाकडे. वर एक आणि खाली एक, अशा आप्पांच्या दातांच्या दोन खळ्या तिथे स्पष्ट होत्या.

हुबळीस गदग रोडच्या बाजूला एक निवृत्त टर्नर राहतात. सदर्न मराठा रेल्वेने उभारलेल्या कारखान्यात त्यांची हयात गेली. (त्या कंपनीच्या नावात तरी आपण होतो!) घरामागच्या पडवीत त्यांचा लहानसा लेथ आहे. पाइप त्यांनी कधी केला नव्हता, पण एबोनाइट हातातले होते. मेस्त्रींनी चोच न्याहाळली आणि म्हणाले, "रायरे, जुनी साफ करायची की नवी?" आम्ही घाईने म्हटले, जुनीच नवी करा.

त्यांनी गरम हवेची गन चालू केली. टोकापासून चार बोटांवर धरून चोच फिरवत राहिले. मिनिटभरात एक विलक्षण प्रकार घडला: वरची खळी आपोआप फुगून वर येऊ लागली आणि बघता बघता पृष्ठभाग सपाट झाला. मेस्त्री खूष. हे द्रव्य ऊब मिळाली की आपल्या मूळ आकाराकडे परतते, दाबलेले असेल तेवढे वर येते. त्यांनी चोच उलटी केली. आम्ही ओरडलो, "साकु! साकु!" मराठीत 'पुरे' म्हणायचे सुचलेच नाही. गन बंद झाली. खालची खळी राहिली. मेस्त्रींनी आमच्याकडे पाहिले, काही विचारले नाही आणि कपाटातून एबोनाइटची एक कांडी काढली. पेने घडवणाऱ्या एका ओळखीच्याकडून आणलेली.

पुढचे तीन रविवार आम्ही चिगरी बसने हुबळीला जात राहिलो. कांडीतून आरपार भोक पाडणे हे पहिले काम. कुसवाकडे ते चार मिलिमीटरचे, पुढे निमुळते होत दीड-दोनचे. टोकाशी त्याची आडवी चीर करायची, माशाच्या शेपटीसारखी आत फाकलेली, म्हणजे धूर पसरून जिभेवर येतो. गोल भोकातून तो एकाच ठिकाणी टोचतो. कुसू भोकाच्या तळाला जवळजवळ टेकला पाहिजे. फट राहिली की तिथे पाणी साठून गुरगुरते. मेस्त्री कुसवावरून एक पापुद्रा काढत आणि बसवून पाहत, पुन्हा काढत. बाक देताना आत तार घातली, नाहीतर भोकच दबले असते. ऊब दिली, कापडात धरून वाकवली, तशीच धरून थंड पाण्यात बुडवली.

हे सारे मापाने झाले. दातांमागची कड मात्र मापाने होईना. कॅलिपर चार मिलिमीटर दाखवी आणि मेस्त्री म्हणत, "हे मला कळत नाही. तोंडात धरून बघा." आमची अडचण त्यांना ठाऊक नव्हती. शेवटी नळाखाली धुऊन आम्ही ती दातांत धरली. कड टोचत होती. त्यांनी बारीक कानस चालवली; पुन्हा धरली. डावी बाजू जाड वाटली. पुन्हा कानस. मग ओला पॉलिश पेपर, चारशेचा, सहाशेचा, हजाराचा, दोन हजाराचा; दर खेपेला आमचे तोंड आणि त्यांची बोटे. किती वेळा धरली याची गणती राहिली नाही. केव्हातरी लक्षात आले की आपण ती डाव्या बाजूलाच धरतो आहोत आणि जबडा किंचित पुढे काढून बसलो आहोत. आप्पांचा असा एक फोटो घरात आहे. आम्ही चोच तोंडातून काढली. मेस्त्री म्हणाले, "आता बरोबर?" आम्ही मान हलवली.

बफवर चढवून त्यांनी ती शाईसारखी काळी केली आणि पाइपाला बसवली. आम्ही रिकाम्या पाइपातून हवा ओढली. कुठेही शीळ नाही. मेस्त्रींनी कांडीचे पैसे तेवढे घेतले. मजुरीबद्दल बोलू देईनात, तेव्हा लाइन बाजारातून पेढे नेऊन दिले.

रात्री पुण्याच्या धाकट्या बहिणीला फोनवर सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "शीळ वाजते का रे?"

"नाही."

"मग जुनी टाकू नकोस," ती म्हणाली.

जुनी चोच, टूथपेस्टच्या पत्र्याच्या सुरळीसकट, चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. खळी खालच्या बाजूला आहे. डबी उघडून चोच उलटी केल्याशिवाय ती दिसत नाही.