समुद्रकाकडीची नावे

रामेश्वरच्या वाटेवर पांबनच्या पुलाअलीकडे मंडपम हे गाव लागते. बहुतेक यात्रेकरू तेथे थांबत नाहीत. आम्ही मात्र एका शब्दापायी उतरलो. अनुवाद करताना ‘समुद्रकाकडी’ हे नाव आले होते, आणि न पाहिलेल्या वस्तूचे नाव लिहिताना लेखणी अडखळत होती.

तेथील मत्स्यसंशोधन केंद्रात बरणीत ठेवलेली समुद्रकाकडी पाहिली. वीतभर लांब, गुबगुबीत, खरबरीत, काकडीच म्हणावी! परंतु ही वनस्पती नव्हे. हा तारामाशाचा नातलग असलेला प्राणी आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने समुद्रातील काकडीचा उल्लेख केला असून, रंगाने व गंधानेही ती काकडीसारखी असते, असे म्हटले आहे. ही उपमा युरोपात रुजली आणि इंग्रजीमार्गे मराठीत आली.

पोर्तुगीजांना मात्र हा ‘समुद्रातील किडा’ वाटला. चिनी लोक त्यास ‘हायशेन’, म्हणजे समुद्रातील जिनसेंग म्हणतात. जिनसेंग ही त्यांची बहुमोल औषधी मुळी. तमिळ कोळ्यांनी नाव दिले ‘कडल अट्टै’, अर्थात समुद्रातील जळू.

जसे नाव, तसे मोल! जळू म्हणणाऱ्यांनी ती कधी खाल्ली नाही; जिनसेंग म्हणणाऱ्यांनी तिच्यासाठी पैसा मोजला. येथील पाणबुडे श्वास रोखून ती तळातून वर आणीत, उकळून, वाळवून परदेशी धाडीत. उपसा वाढला, संख्या घटली. वाळू गिळून तीतील सेंद्रिय अंश पचविणारा हा जीव समुद्राचा तळ स्वच्छ राखतो; म्हणून २००१ साली कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी झाली. तूतुक्कुडी येथे १९८८ मध्येच शास्त्रज्ञांनी त्याची पिल्ले हौदात निपजवून दाखविली होती. परंतु पाणबुड्यांचा धंदा बुडाला तो बुडालाच.

किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्धास आमच्या तमिळ सहकाऱ्याने विचारले, “अय्या, बंदी योग्य की अयोग्य?” तो म्हणाला, “समुद्र उरला पाहिजे, हे खरे. पण जळूवर आमची चूल पेटत होती, हेही कोठेतरी लिहा.”

परतल्यावर अनुवादात आम्ही ‘समुद्रकाकडी’ हाच शब्द ठेवला. मात्र त्याच्या शेजारी ‘कडल अट्टै’ हे नावही लिहिले.