सरांचा मुलूख

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचे एक बेटराष्ट्र आहे. सारी लोकसंख्या दहा-अकरा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. पण युनेस्कोचे दप्तर मोठे कसोशीचे! अशा चिमुकल्या देशांतही वरच्या माध्यमिक वर्गांना शिकवणारे पुरुष किती आणि स्त्रिया किती, यांचे रकाने ते मांडून ठेवते. हे वाचले तेव्हा मौज वाटली, आणि मला एक खोड जडली. मी आपल्या मुलखातले 'सर' मोजू लागले.

नांदेडहून लातूरचा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. मध्ये बालाघाटचे उघडे माळ लागतात, उताराला काळी जमीन, तीत सोयाबीन आणि तूर. पूर्वी लातूर आले हे गंजगोलाईच्या गजबजाटावरून कळे. त्या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. आता ते त्याच्या कितीतरी आधी, फलकांवरून कळते. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, बायॉलॉजीचे सर. सगळे कोट घालून, हातांची घडी करून, जणू लग्नाच्या पंगतीला निघालेले. बसस्थानक येईपर्यंत मी वीस चेहरे मोजले. त्यांत बाई एक, तीही इंग्रजीची!

बालवाडीत ताई, चौथीपर्यंत बाई, आणि इयत्ता चढू लागली की सर. आमच्याकडे शिक्षणाचा जिना हा असा आहे.

एके काळी याला कारण होते. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. मराठी मुलाला वरच्या वर्गात मराठीतून शिकवणारा मास्तर मिळणे ही भाग्याची गोष्ट होती, मग मुलींचे विचारता काय? १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते ठरले. पण आधी मास्तर, मग स्वामी, हा क्रम आम्ही मराठवाड्याची माणसे विसरत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले.

या पीपल्सचे नाव घेतले की नरहर कुरुंदकर आलेच. इंटरला पुन्हापुन्हा नापास झालेले हे गृहस्थ आधी प्रतिभा निकेतनमध्ये शाळामास्तर होते, मग पीपल्सचे प्राध्यापक आणि अखेर प्राचार्य झाले. १९८२ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. आमच्या घरात थोरली माणसे अजून त्यांच्या व्याख्यानांच्या गोष्टी सांगतात. लातूरच्या आजच्या फलकावर त्यांना जागा मिळाली असती का? मला शंका आहे.

लातूरची गोष्ट वेगळी. दयानंद १९६१ चे, राजर्षी शाहू १९७० चे. शाहूचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे मोठे अभ्यासक. महाराष्ट्रात १९७५ साली अकरावी-बारावीचा टप्पा आला आणि त्याच्या पुढच्या पिढीत 'लातूर पॅटर्न' बोलबाल्याला आला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, प्रश्नपत्रिका सोडवून सोडवून हात बसवायचा. जादू अशी काहीच नाही, नुसता घाम. तो गाळला शिक्षकांनीच. मला या पॅटर्नचे कौतुक आहे. शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर करणारी गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. फक्त त्यात मराठीचा तास कुठे बसतो, हे विचारू नका!

मी गेले होते ती बारावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांच्या बैठकीला. दुपारी यजमान महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीत चहा आला, तेव्हा कोपऱ्यात तिशीतला एक मुलगा खडूने मळलेले हात पुसत बसला होता. केमिस्ट्री शिकवतो, तासिका तत्त्वावर. संध्याकाळी एका क्लासमध्ये.

"पगार बरा आहे का?" मी विचारले.

"तासाचा हिशेब, मॅडम. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, म्हंजे पैसेबी नाहीत." मग हसून म्हणाला, "पोरगी बघायला गेलो की तिचे वडील पाण्याच्या आधी विचारतात, ग्रँटवर हाय का?"

राज्याने २००१ साली 'कायम विनाअनुदानित' हा शब्दप्रयोग रूढ केला, त्यातला 'कायम' पुढे काढला गेला. पण या पोरांच्या कपाळावर तो अजून दिसतो. फलकावरचे ते कोटवाले आणि हा खडूवाला, दोघेही माझ्या मोजणीत 'सर'च. युनेस्कोच्या रकान्यात तरी काय फरक पडणार?

"घरी कोण असतं?"

"आई-वडील, अन् ताई. तीबी एम.एस्सी. केमिस्ट्रीच. मार्क माझ्यापेक्षा तिचेच जास्त." गावातल्या लहानशा इंग्रजी शाळेत ती तिसरीला शिकवते. लातूरला का नाही आली? "क्लास रात्री नऊला सुटतो, मॅडम. शेवटची गाडी साडेआठची."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. ताईचाच. संध्याकाळच्या वर्गात घ्यायचे उत्कलनबिंदूचे एक गणित त्याने सकाळी तिला पाठवले होते. तो खडूच्या रिकाम्या खोक्यावर भराभर लिहीत होता, आणि मधेच थांबून म्हणत होता, "हळू सांग की गं, पुन्हा एकदा."