नवरंग आणि वड्याकडची राई



मिरगाचा पहिला जोर झाला आणि वड्याकडच्या राईत नवरंगाची शीळ सुरू झाली. दोनच सूर, फटफटताना आणि दिवस मावळताना हमखास. तमिळ लोक याला 'सहा वाजताचा पक्षी' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. फोटो मागू नका, एवढ्या पावसात मोबाईल बाहेर काढवत नाही.

मैनेपेक्षा थोडा लहान, शेपूट आखूड. पाठ हिरवी, खांद्यावर निळा डाग, डोळ्यावर काळी पट्टी, बुडाखाली लाल. हिवाळा दक्षिणेत नाहीतर श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडाला विणीसाठी वर सरकतो. प्रवास रात्रीचा. दमलेलं पाखरू कधी अंगणात, कधी खिडकीच्या काचेवर आपटून पडतं. सापडलं तर पाणी पाजत बसू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि हुशारलं की झुडपात सोडा.

याला पाहिजे काय, तर झाडाखालचा कुजका पाला. तो चोचीनं उलटून वाळवी, अळ्या, किडे खातो. काड्या-गवताचं गोल घरटं जमिनीवर नाहीतर हाताला येईल अशा फांदीवर बांधतो. म्हणजे नुसती झाडं राहून भागत नाही, खालची जाळी आणि पातेराही पाहिजे. आणि आपण नेमका तोच काढतो. उन्हाळ्यात तरवा भाजायला पाला गोळा केला, काजूत वणवा नको म्हणून खालचं जाळून साफ केलं. उरलंसुरलं तणनाशक भर पावसात, याची अंडी असतात तेव्हाच. नव्या काजूसाठी मशीन लावून डोंगर उघडे केले ते वेगळंच.

आमची राई सहा गुंठ्यांची. पोरगं म्हणतंय, "आबा, पाखरासाठी सहा गुंठं पडीक ठेवायचं व्हय? वीस-पंचवीस काजू बसतील." हिशेब त्याचा चुकीचा नाही. काजू पैसे देतो, नवरंग देत नाही. पण राईखालचा झरा फेब्रुवारीपर्यंत वाहतो, त्यावर आमच्या मिरचीचं पाणी आहे. झाडी काढल्यावर तो टिकंल याची खात्री कोण देणार? दिवाळीनंतर बघू, एवढ्यावर विषय थांबलाय.

पाल्याचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. डॉ. सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख घालतात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तूस गिरणीत मिळतं. यंदा अर्धा तरवा तसा टाकलाय, अर्धा भाजून. राखेवरची रोपं आज तरी तेवढीच जोमदार दिसतायत.

आजरा घनसाळवर कुणी हे केलं असंल तर फुटवे किती आले आणि भात लोळलं का, तेवढं कळवा. कृषी खात्यातली मंडळी वाचत असतील तर त्यांनीही.