पी. टी. चा तास

१
पाऊस सरला की गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्यावर जांभ्याची माती घट्ट बसते. चुन्याने आखलेली रेघ सकाळी पांढरी, खेळ संपेतो तांबडी. दुसऱ्या दिवशी पी. टी. चे सर पुन्हा आखतात.

२

१४ डिसेंबर २०२२ : पर्वरीच्या मैदानावर अर्जुन तेंडुलकरचे रणजी पदार्पणातच गोव्याकडून शतक.

३
अर्जुनच्या वडिलांचे, सचिनचे, गुरू रमाकांत आचरेकर मालवणचे, म्हणजे पेडण्याच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सराव संपत आला, मुलगा दमला, की ते मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. बाद करील त्याचे नाणे. बाद झालाच नाही तर फलंदाजाचे. दमल्यावरच पाय चुकतात, चूक तिथेच सापडते.

४
फेब्रुवारी १९८८, मुंबईचे आझाद मैदान, शालेय हॅरिस शील्ड स्पर्धा. शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या क्रमांकाचा अमोल मुझुमदार तेवढा वेळ पॅड बांधून बसून होता. तोही आचरेकरांचाच विद्यार्थी. मोठेपणी प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा केल्या, पण भारताकडून एकही सामना नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदार होते.

५
अमेरिकेत हायस्कूलच्या बेसबॉलला २०१७ च्या हंगामापासून बहुतेक राज्यांत मर्यादा आली : पिचरने एका दिवसात किती चेंडू टाकायचे, मग किती दिवस हात राखायचा. कोपराचा अस्थिबंध पंधरा-सोळाव्या वर्षी फाटू लागला, म्हणून. ज्या शस्त्रक्रियेने तो नवा बसवतात, ती पहिल्यांदा १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर झाली.

आपल्याकडे नववीतला मुलगा शनिवारी शाळेसाठी टाकतो, रविवारी वाड्याच्या टेनिस बॉल संघासाठी. दोन्ही दिवसांची बेरीज फक्त शाळेचे सरच ठेवू शकतात.

६
पेडण्यातले एक मैदान. जोरात टाकणारा पोरगा आणखी एक षटक मागत होता. सरांनी चेंडू काढून घेतला, कोपर दाबून पाहिले.
“दुखतं?”
“नाही, सर.”
“मग हात का मागे घेतलास? चार दिवस नुसती फलंदाजी.”
पोरगा रुसला. सर पुढच्या मुलाकडे वळले.

७
हेच सर सकाळची प्रार्थना, २६ जानेवारीचे संचलन, तालुका स्पर्धेचे अर्ज, जन्मदाखल्यांच्या प्रती, प्रथमोपचाराची पेटी, फुटबॉल, कबड्डी, खो-खो सगळे पाहतात. माझ्या मते शाळेत सर्वांत जास्त मुले नावाने ओळखणारा माणूस हाच.

८
मुलगी चपळ आहे, हे आधी सरांना कळते, मग घरच्यांना. दहावीचे वर्ष आले की घरचे खेळ बंद करतात. अशा वेळी सर घरी जाऊन आईशी बोलतात. कधी ऐकले जाते, कधी नाही.

९
मुख्याध्यापकांना विनंती : परीक्षा जवळ आली की पी. टी. चा तास गणिताला देऊ नका. गणिताला आठवड्यात बरेच तास असतात. याला मोजकेच.