शिखराच्या अलीकडे

वर्ध्याच्या माणसाची बर्फाशी ओळख गोळेवाल्याच्या रंध्यापुरतीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे सरकला म्हणजे डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून हिंडणारी आम्ही माणसे. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड होते, म्हणून तळे वरून गोठते आणि खाली मासे जगतात, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले. पण पाहिले कधीच नव्हते. म्हणून गेल्या नाताळच्या सुट्टीत शाळेपासूनचे आम्ही चार मित्र उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी "धडा शिकवायला एवढ्या लांब जावं लागतं का?" असे विचारले. त्यांना काय ठाऊक, धडा शिकवायला नव्हे, शिकायलाच मी चाललो होतो!

डेहराडूनहून सांकरी गाव सुमारे २०० किलोमीटर. तिथून चढण पायी. दुपारी देवदारांच्या रानात 'जुडा का तालाब' लागला. वरून गोठलेला. मी गुडघ्यावर बसून हात लावला आणि लहान मुलासारखा हसलो. कापसाचा व्यापार करणारा आमचा मित्र भोवतालचा बर्फ पाहून म्हणाला, "हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये उभा आहे असं वाटतं बापा!"

रात्री शेकोटीपाशी वाटाड्याने गोष्ट सांगितली. शंकर इथे ध्यानाला बसले होते म्हणे. मंदिर कंठापर्यंत उभे राहिले आणि कुठूनशी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. ध्यान मोडले, देव उठून केदारनाथला गेले. म्हणून हा केदारकंठा. देवानेसुद्धा काम अर्धे सोडले, याची आम्ही खूप थट्टा केली.

दुसरा मुक्काम सुमारे ११,००० फुटांवर. शिखर १२,५०० फुटांचे. आणि आमचे वर्धा जेमतेम ८०० फुटांवर! बाटलीतले पाणी गोठू नये म्हणून ती कुशीत घेऊन निजलो. माझ्या तंबूत वकील होता. संध्याकाळपासून तो डोके धरून बसला होता. मध्यरात्रीपर्यंत दोनदा बाहेर जाऊन आला. ओकारीचा आवाज मी ऐकला. मग बुटाने बर्फ सारल्याचाही ऐकला. उंचीवर डोके दुखून ओकाऱ्या होऊ लागल्या, तर वर जायचे नाही, हे वाटाड्याने आम्हांला बजावले होते. पण मी कूस बदलली आणि स्वतःला समजावले, पराठे बाधले असतील. खरे सांगायचे तर मला शिखर हवे होते.

दोन वाजता कपाळाला दिवे लावून सारे उभे राहिले. वाटाड्याने विचारले, "सब ठीक?" वकील म्हणाला, "ठीक." मी गप्प.

अर्ध्या तासाने वकील वाटेतच बसला. सुटलेली बुटाची नाडी त्याला बांधता येईना. बोटे नाडीशी झोंबत होती, आणि तो ओशाळून हसत होता. ते हसणे पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हा रात्रभर ओकतोय."

वाटाड्या माझ्याकडे पाहत राहिला. एक शब्द बोलला नाही. दोघांना सोबत्याबरोबर वर धाडले आणि आम्हांला घेऊन तो तसाच खाली वळला. अशा दुखण्यावर खाली उतरण्याइतके दुसरे औषध नाही. वकिलाला दोन्ही बाजूंनी धरून चालताना पहिला तासभर, कबूल करायला लाज वाटते, मी त्याच्यावर मनात रागावलोच होतो.

उजाडले तेव्हा आम्ही तळ्याकाठी पोचलो होतो. वकिलाचे डोके उतरले होते. चहाचा पेला हातात घेऊन तो म्हणाला, "तुला रात्रीच माहीत होतं ना?"

"हो."

"मलाही माहीत होतं. तुमची सहल मोडेल म्हणून बोललो नाही."

तो आमच्यासाठी गप्प राहिला, मी माझ्यासाठी. दोन्ही गप्पांचा आवाज सारखाच, पण केवढे अंतर! भर दुपारी उन्हात न निघणाऱ्याला वर्ध्यात कुणी भित्रा म्हणत नाही, शहाणा म्हणतात. ते शहाणपण मी घरीच विसरून आलो होतो.

इतक्यात रानातून सामानाची खेचरे उतरली. त्यांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. शंकराची थट्टा पुन्हा काही केली नाही.

दिवाळीनंतर तो धडा पुन्हा येईल. तळ्याचा वरचा थर मी हाताने पाहिला आहे, असे मुलांना सांगेन. खालच्या पाण्याचे मात्र पुस्तकातूनच शिकवावे लागेल. आणि शिखर कसे होते म्हणून कुणी विचारलेच, तर वकिलाकडे पाठवणार नाही. मीच सांगेन.