फटफटीचे वय

कुठलीही वस्तू 'जुनी' केव्हा होते? मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. 'अर्वाचीन' आणि 'आधुनिक' यांच्यामधली रेघ ओढण्यात आम्ही मास्तर मंडळी तासचे तास घालवतो. ती थोडी इकडेतिकडे झाली तरी कुणाचे हाड मोडत नाही. पण हीच रेघ फटफट्यांच्या शर्यतीत ओढायची म्हटली, की हाडांचाही विचार करावा लागतो!

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात असतो आणि सुटी मिळाली की जुन्या गाड्यांच्या मोटोक्रॉस शर्यती पाहायला धावतो. मोटोक्रॉस म्हणजे खाचखळगे, चिखल आणि टेकाडे तुडवीत जाणारी शर्यत. १९२४ साली कॅम्बर्लीजवळ तिचा श्रीगणेशा झाला. आता जुन्या गाड्या पळवणारे खास क्लब आहेत आणि त्यांच्यातले न मिटणारे भांडण एकच : कोणत्या काळापर्यंतच्या गाड्या घ्यायच्या?

तिकडचे कित्येक क्लब १९६५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. ही रेघ मला लहरी वाटत नाही. १९६४ आणि १९६५ साली जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोक गाडीवर ५०० सीसीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९६६ साली ते पॉल फ्रीडरिक्सच्या टू-स्ट्रोक सीझेडकडे गेले. भारदस्त घुमणे मागे पडले, किरकिर पुढे निघाली. अमेरिकेत जुन्या गाड्यांची मुख्य रेघ १९७४ च्या आसपास आहे. पुढले चाक ७ इंच आणि मागले ४ इंच, याहून अधिक वरखाली होता कामा नये. आजच्या गाडीचे चाक सुमारे १२ इंच हलते! 'इव्हो' नावाच्या वर्गात तर सालापेक्षा घडण पाहतात : इंजिन हवेने थंड होणारे, ब्रेक ड्रमचे आणि मागल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला लिंकेज नाही. ही कसोटी मला अधिक शहाणपणाची वाटते. पंचांग खोटे बोलत नाही. पण ते गाडीविषयी फारसे काही सांगतही नाही.

कर्मठ मंडळी म्हणतात, नव्यांना दार बंद. पण माणूस जुन्या वस्तूवर प्रेम करतो ते आपल्या पंधराव्या वर्षासाठी. १९८१ ची गाडी ज्याने तेव्हा डोळे भरून पाहिली, तो आज साठीला आला आहे. त्याला १९६० ची गाडी देऊन काय उपयोग? दार लावून घेणारा क्लब सभासदांबरोबरच म्हातारा होईल आणि एक दिवस त्याचे कुलूपही उघडायला कुणी उरणार नाही.

म्हणून दार उघडावे; मात्र शर्यत वेगळी ठेवावी आणि रस्ता सर्वांत जुन्या गाडीला झेपेल असाच आखावा. लांब झेपेच्या गाड्या आल्या की उंच उड्यांची हौस येते. त्याच उडीवरून ४ इंचांच्या आधारावर उतरणाऱ्या वृद्धाच्या पाठीचा कणा कुणी विचारात घ्यायचा?

घरात नातवंडे यावीत, नाचावीत, बागडावीत. पण म्हणून कुणी आजोबांची खुर्ची अंगणात नेऊन ठेवत नाही.